लिफ्टचे पैसे, शाळेचे पैसे

घरपट्टीचं बिल बहुतेक घरांत खालून वर वाचलं जातं. एकूण रक्कम किती, आणि सवलत पदरात पाडून घ्यायची तर शेवटची तारीख कोणती, एवढं पाहिलं की काम झालं. वरच्या ओळींत डोकं घालणारी माणसं थोडी. सर्वसाधारण कर, मलप्रवाह, अग्निशमन, वृक्षकर, आणि त्यांच्या गर्दीत कुठेतरी शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. शहर बदललं की नावं आणि क्रम थोडे इकडेतिकडे होतात, पण महाराष्ट्रातल्या महापालिकेच्या बिलात शिक्षण कर असायचाच; रोजगार हमी कर लागतो तो बिगरनिवासी जागांना. शिक्षण कर राज्याच्या १९६२ च्या कायद्याने आला, रोजगार हमीचा भाग त्याला सत्तरच्या दशकात जोडला गेला. महापालिका गोळा करते आणि सरकारकडे भरते.

पगारदारांच्या पावतीत आणखी एक असाच पाहुणा असतो. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारातून थोडं काढायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून दुष्काळी भागात मजुरांना काम द्यायचं, अशी ती रचना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही योजना पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याची आई ठरली. हे पैसे हातात येण्याआधीच कापले जातात, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी कुरकुरताना ऐकलं नाही. शिक्षण कराचं तसं नाही. तो बिलात दिसतो, आणि दिसला की बोचतो.

आमच्या सोसायटीच्या एका वार्षिक सभेत तो असाच बोचला. त्या दिवशी खरा वाद लिफ्टचा होता. तळमजल्यावरच्या नानांनी नेहमीचा मुद्दा काढला. "आमच्या दाराशी लिफ्ट येतच नाही, मग तिच्या देखभालीचे पैसे आम्ही का भरायचे?" सेक्रेटरींनी उपविधी काढून वाचून दाखवला. लिफ्टचा खर्च सर्व सभासदांवर सारखा, वापर असो वा नसो. चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदाने त्यावर मीठ चोळलं. "नाना, उद्या फ्लॅट विकायला काढलात तर जाहिरातीत 'लिफ्टची सोय' लिहालच ना? मग? सामायिक म्हणजे सामायिक. तुम्ही वापरा, न वापरा." सभा हसली. नाना गप्प बसले.

पुढे आयत्या वेळच्या विषयांत घरपट्टी निघाली. तेच चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. "आणि त्यात हा शिक्षण कर! आमची दोन्ही मुलं आयसीएसईला. तिथे फी भरून कंबरडं मोडतं, वर हा कर. कुणाच्या पोरांसाठी?" लोकांनी माना डोलावल्या. नाना मात्र खुर्चीत पुढे सरकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सामायिक म्हणजे सामायिक. तुम्ही वापरा, न वापरा."

हशा झाला आणि विषय पार्किंगवर गेला. पार्किंग निघाल्यावर सभेत दुसरं काही टिकत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांवर हसणं सोपं आहे, पण ते कंजूष नाहीत. सोसायटीतल्या कुणाच्या आजारपणासाठी पैसे जमवायचे असले की त्यांचं पाकीट आधी उघडतं. वृद्धाश्रमाला ते दरवर्षी देणगी देतात, आणि मागे उभं राहून, फोटोबिटो न काढता देतात. मग त्यांच्या एका दिवसाच्या पेट्रोलइतक्या करावर ते एवढे का तडकतात? मला वाटतं, त्यांचा खरा प्रश्न शेवटच्या दोन शब्दांत होता. कुणाच्या पोरांसाठी?

हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. तेव्हा तो उलट्या बाजूने आला होता. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा जादा पट्टी बसली आणि १८६९ साली तिला कायद्याचं रूप मिळालं. लोक तिला लोकल फंड म्हणत. तिचा दोन तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांना आणि एक तृतीयांश शिक्षणाला. सारा भरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने तो आणा मोजला. शाळेत मात्र त्याची पोरं क्वचितच दिसत. गावात शाळा असलीच तर ती कुठल्या आळीत भरते, तिथे कुणाला आत बसवतात आणि कुणाला ओसरीखाली, यावर सगळं होतं.

१८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात हा हिशोब मांडला आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरच्या वर्गांचा त्यात वाटा थोडा, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. भरणारा एक आणि शिकणारा दुसरा. संताप साहजिक होता. पण त्या संतापातून फुल्यांनी काय मागितलं ते पाहण्यासारखं आहे. पट्टी माफ करा, असं त्यांनी आयोगाला सांगितलं नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, गावोगावी शाळा वाढवा, शिक्षकाला नीट पगार द्या, शेतीचं आणि आरोग्याचं शिक्षण द्या, मोडी-बाळबोध आणि हिशोब शिकवा, असं सांगितलं. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, गरज पडली तर नांगर किंवा सुताराचं अवजार हातात धरायला न लाजणारे असावेत, अशीही त्यांची अपेक्षा होती. जे भरतो आहोत त्याच्या बदल्यातली शाळा द्या, असं त्या मागण्यांचं सार.

त्यांनी मागितलेली सक्ती कायद्यात यायला बराच काळ गेला, आणि अडलेलं घोडं पुष्कळदा कराशीच अडलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. किती सौम्य होतं ते! सक्ती एकदम देशभर नाही, तयार असतील त्या नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी करायची. खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा, उरलेल्यासाठी स्थानिक संस्थांना शिक्षणाची खास पट्टी बसवायची मुभा असावी. एवढ्यावरही आक्षेप आलेच. लोकांना हे नको आहे, नवा कर लोकांना रुचणार नाही, असा सूर लागला. शेतमजुरीला पोरं कोण देणार, ही जमीनदारांची धास्ती होतीच. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडलं. लोकांना कर नको असतो, हे लोकांच्या वतीने सांगणारे बहुतेक जण ज्यांच्या घरात शिक्षण आधीच पोचलं होतं असे होते. हे आजही फारसं बदललेलं नाही, असं मला अधूनमधून वाटतं.

बडोद्याच्या सयाजीरावांनी तोवर काम करूनही टाकलं होतं. १८९३ साली अमरेली तालुक्यात, १९०६ पासून सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तेच केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! संस्थानिकांना मतं मागायची नव्हती, हे खरं. पण ते कारण देऊन मोकळं होता येत नाही, कारण मतं मागावी न लागणारे संस्थानिक देशात शेकड्यांनी होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो पैसा शिकारीवर घालवला.

इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीची परवानगी मिळाली. पण परवानगी आणि पैसा या वेगळ्या गोष्टी. पुढे येऊन स्वतःच्या मतदारांवर पट्टी बसवणाऱ्या नगरपालिका फार थोड्या निघाल्या.

कर नको म्हणणारा हाच समाज वर्गणीला मात्र कधी मागे हटला नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिची वसतिगृहं मुष्टिफंडावर चालली. घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगातल्या मुलांना द्यायचं. ज्या घरातून ती मूठ येई त्या घरातही पुष्कळदा दोन वेळची भ्रांत असे. आजही गावाकडे शाळेच्या नावाने पैसे मागा, लोक देतात. दहा-बारा वर्षांपूर्वी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात गावोगाव लोकसहभागाची लाट आली तेव्हा किती शाळांच्या भिंती गावकऱ्यांनी रंगवून दिल्या, टीव्ही आणि प्रोजेक्टर आणून दिले.

त्या लाटेतला एक वर्ग माझ्या आत्याच्या गावी मी पाहिला आहे. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर देणगीदार मंडळाचं नाव. कोपऱ्यात कपाट, त्यावर ऑइलपेंटने 'कै.' आणि पुढे कुणाच्या तरी आजोबांचं पूर्ण नाव, 'यांच्या स्मरणार्थ'. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर दुसऱ्या एका घराण्याचं नाव. टीव्हीवर शिवलेलं कापडी आवरण होतं, आणि आवरणावर धूळ. गुरुजींना विचारलं, बिघडलाय का? म्हणाले, "नाही हो, चांगला आहे. मीटर काढून नेलंय. बिल थकलं." मग त्यांनी शाळेच्या खर्चासाठी वर्षाला जी सादिलची रक्कम येते ती किती, कधी येते, त्यातून खडू, झाडू, फिनेल आणि रजिस्टरं घेतल्यावर काय उरतं, ते सविस्तर सांगितलं. विजेसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून काही महिने भरले होते. पुढे जमेना.

त्या गावात एकही माणूस चिक्कू नव्हता. टीव्हीसाठी हौसेने पैसे दिलेली माणसं पुन्हा दिली असती. पण दर महिन्याचं वीजबिल कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ भरलं जात नाही. त्याच्यावर नाव घालायला जागा नसते आणि ते पुढच्या महिन्यात पुन्हा येतं. शाळेचा बहुतेक खर्च याच जातीचा आहे: पगार, दुरुस्ती, संडासाची सफाई, पाणी, पाठ्यपुस्तकं. आणि वर्गणीची आणखी एक गोम. ती ज्या गावात पैसा आणि पुढाकार आहे तिथेच जमते. शेजारच्या वाडीतल्या ऊसतोड कामगारांच्या पोरांना तितकेच डोळे असतात, पण त्यांच्या आईबापांना टीव्ही देणारं कुणी ओळखीचं नसतं. त्यांच्यापर्यंत जे जातं ते तिजोरीतून जातं. वर्गणीच्या गोष्टी सांगताना आपले डोळे पाणावतात, आणि वर्गणी थोर आहेच, पण तिच्या भरवशावर एका जिल्ह्याच्या शाळा एक वर्षही चालणार नाहीत.

आता पुन्हा चौथ्या मजल्याकडे. "आम्ही भरतो आणि शिकतात दुसरे" हे त्यांचं म्हणणं हिशोबाला तरी कितपत टिकतं?

एक तर भरतात सगळेच. आमचा वॉचमन आयकर भरत नाही, घरपट्टी त्याच्या नावावर नाही. सोसायटीतल्या लोकांच्या लेखी तो कर न भरणारा माणूस. त्याची मुलगी महापालिकेच्या शाळेत सातवीला आहे आणि शाळेचा सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर चालतो म्हणून तो दर महिन्याला फोनचा रिचार्ज मारतो, त्यात १८ टक्के जीएसटी असतो. त्याच्या भाड्याच्या खोलीची घरपट्टी खोलीमालक पदरचे भरत नाही, भाड्यात वळती करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. त्याआधी वही आणि शार्पनरला १२ टक्के होता. म्हणजे पेन्सिलीला टोक काढणारं पहिलीतलं पोरही तिजोरीत काही पैसे टाकतच होतं. फुल्यांचा मुद्दा जुना झाला असं वाटतं तेवढा तो झालेला नाही.

दुसरं, खासगी शाळेतलं मूल तिजोरीपासून अगदी तुटलेलं आहे असंही नाही. शाळेच्या फीवर जीएसटी लागत नाही. शाळा चालवणारे ट्रस्ट आयकरातून सूट घेतात. जुन्या करप्रणालीत मुलांच्या शिकवणी फीची वजावट ८०सी कलमाखाली मिळते. कमाल दीड लाख, त्यात विमा आणि पीएफही मोडतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ती मर्यादा पूर्ण वापरली तर उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात. नव्या प्रणालीत ही सोय नाही आणि आता पुष्कळ जण तिकडे गेलेत, हे खरं. पण इतकी वर्षं ज्यांनी ती वजावट घेतली, त्यांच्या मुलांच्या खासगी फीचा काही हिस्सा सरकारने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, सोसला. चौथ्या मजल्यावर हे कुणी सांगितलं नसावं. फॉर्म भरणारा सीए सांगत नाही. तो फक्त फीच्या पावत्या मागतो.

आणि गंमत म्हणजे तीच मुलं संध्याकाळी क्लासला जातात. तिथल्या फीवर १८ टक्के जीएसटी आहे. ती रक्कम घरपट्टीतल्या शिक्षण करापेक्षा कितीतरी मोठी, पण तिच्यावरून कुठल्याही सभेत कुणी आवाज चढवल्याचं मी ऐकलेलं नाही. क्लासचा कर आपल्या पोरासाठी असतो ना!

मी स्वतः अनुदानित मराठी शाळेत शिकले. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांची हीच कथा: इमारत संस्थेची, शिक्षकांचे पगार सरकारचे. वर्षाच्या सुरुवातीला वर्गात ईबीसीचे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांच्या फी-सवलतीचे फॉर्म वाटले जायचे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील तलाठ्याकडे खेटे घालायचे आणि फी माफ व्हायची. पुढे मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत झालं, मग ते खेटेही राहिले नाहीत. आमच्या शाळेत संस्थापकांची जयंती असायची, देणगीदारांचे सत्कार असायचे, माजी विद्यार्थ्यांची भाषणं असायची. आमच्या बाईंचा पगार कुठून येतो हे मात्र एकाही भाषणात आलं नाही. कधी कुणी म्हणालं नाही की पोरांनो, या वर्गाचे पैसे विडी ओढणाऱ्याने आणि केरोसीन घेणाऱ्या बाईनेही भरलेत. आम्ही समजत होतो, आम्ही हुशार म्हणून शिकलो. आज कर भरताना त्याच पिढीला वाटतं, आपण कुणाचं काही लागत नाही. त्यात नवल नाही. बिल आपल्याला दिसतं, मिळालेलं कुणी दाखवलं नव्हतं.

पण कर भरणाऱ्याची एक तक्रार मला पूर्ण पटते, आणि ती हिशोबाची.

केंद्राने २००४ साली आयकरावर आणि इतर करांवर २ टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. पहिल्यासाठी प्रारंभिक शिक्षा कोश नावाचा वेगळा निधी लवकर झाला. दुसऱ्यासाठी असा निधी मंजूर व्हायला २०१७ साल उजाडलं. त्याच वर्षी कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, दाखवून दिलं की २००६-०७ ते २०१६-१७ या काळात या एका टक्क्यातून ८३ हजार कोटींहून अधिक रक्कम जमली, पण ती ज्या निधीत पडायला हवी तो निधीच अस्तित्वात नव्हता. हे पैसे शिक्षणावर खर्चच झाले नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. झाले की नाही हे उघडून पाहता येईल अशी वही नव्हती. २०१८ मध्ये दोन्ही उपकर जाऊन ४ टक्क्यांचा आरोग्य आणि शिक्षण उपकर आला. आता त्या चारांतले शिक्षणाचे किती हेही बिलावर कळत नाही. शिवाय उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार मात्र प्रामुख्याने राज्याच्या तिजोरीतून. आयकर भरणाऱ्याला वाटतं आपण शिक्षणासाठी दिलं, गुरुजींना वाटतं आपल्यापर्यंत काही आलं नाही, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं.

घरपट्टीतही असंच. वेळेवर न भरणाऱ्याला महिन्याला २ टक्के शास्ती आहे, नियम कडक आहे. मग दर थोड्या वर्षांनी अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि इमानेइतबारे भरणारा माणूस सोसायटीत मूर्ख ठरतो. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. गरीब घरांना दिलासा हवाच. पण माफी ज्या उत्साहाने जाहीर होते, त्या उत्साहाने कुणी कधी सांगत नाही की भरलेल्या करातून यंदा अमुक शाळेचं छप्पर झालं. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि गेला. शहराच्या हातात स्वतःचं म्हणावं असं ठळक उत्पन्न उरलं ते हेच, आणि त्याच्याबद्दल बोलताना पुढारी फक्त माफीचंच बोलतात. लोकांनी कराकडे खंडणीसारखं पाहायला शिकावं याची सोय याहून चांगली कशी करणार?

मध्यमवर्ग सरकारी शाळेत जात नाही असं म्हणतात. तो जातो, पण मतदानाच्या दिवशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला आमचं केंद्र महापालिकेच्या शाळेतच होतं. रांग वऱ्हांड्यातून वळून दुसरीच्या वर्गापर्यंत गेलेली. गुडघ्याएवढ्या बाकांवर साठीची माणसं अवघडून बसली होती. भिंतीवर तीसपर्यंत पाढे, एका तक्त्यावर 'आमचे मंत्रिमंडळ', त्यात स्वच्छता मंत्री, पाणी मंत्री, परिपाठ मंत्री आणि पुढे पोरांची नावं. एका दोरीला लावलेल्या चिमट्यांत कागदाचे पक्षी, त्यांच्या पंखांवर जोडाक्षरं. माझ्या पुढच्या बाई बराच वेळ ती जोडाक्षरं वाचत होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बरी आहे की ही शाळा." बोलण्यात कौतुकापेक्षा आश्चर्य जास्त होतं. घरापासून पाच मिनिटांवरच्या इमारतीबद्दलचं आश्चर्य! थोड्या वेळाने कुणीतरी स्वच्छतागृहाकडे जाऊन आलं आणि त्यांचा चेहरा पाहून मत पुन्हा फिरलं. मतदार यादी घेऊन बसलेल्या बाई त्याच शाळेतल्या शिक्षिका होत्या. घरोघर जाऊन याद्या तपासण्याचं कामही त्यांनीच केलं होतं. त्या दिवसांत दुसरीच्या वर्गाला कोण शिकवत होतं, हा प्रश्न रांगेतल्या कुणी विचारला नाही. मीही नाही.

कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची कल्पना मांडली होती. त्या परिसरातली सगळी मुलं, साहेबाची आणि शिपायाची, एकाच शाळेत. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, ही त्यांची शिफारस भाषणांत पुष्कळ वापरली जाते. शेजारशाळेचं नाव कुणी काढत नाही, कारण तिथे आकडा नाही, आपलं पोर आहे. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आपली मुलं सरकारी शाळेत घालावीत असा आदेश दिला होता. तो कागदावरच राहिला. मला सक्ती आवडत नाही, पण जिल्हाधिकाऱ्याची मुलगी ज्या शाळेत जाईल तिथलं मीटर कुणी काढून नेणार नाही, एवढा व्यवहार त्या आदेशामागे होता.

आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत उलटी गंमत झाली. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात आणि त्यांची प्रतिपूर्ती सरकार करतं. राज्याने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हे बंधन नाही. कागदावर तर्क बरोबर वाटतो. जवळ स्वतःची शाळा असताना दुसऱ्याला पैसे कशाला द्या? पण तो तर्क मांडणाऱ्यांपैकी कितींची मुलं त्या एक किलोमीटरमधल्या शाळेत होती? जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

आणि मग मुंबई महापालिकेच्या सीबीएसई शाळा. २०२१ च्या आसपास महापालिकेने अशा काही शाळा सुरू केल्या. इमारती महापालिकेच्या, फी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि लॉटरी काढावी लागली. मराठी माध्यमाच्या वर्गांचे पट रोडावत असताना इंग्रजी बोर्डाच्या पाटीसाठी रांग लागावी, याचं मला वाईट वाटतं. त्यावर लिहायला बसले तर दुसरा लेख होईल. पण तेवढं बाजूला ठेवून त्या रांगेकडे पाहिलं, तर तिच्यात रिक्षावाले होते तसे नोकरदारही असणार, खासगी शाळेची फी परवडत नाही असे आणि परवडते पण नकोशी झालीय असेही. सोडत लागली त्यांची मुलं आता आपल्या सगळ्यांच्या पैशांवर शिकताहेत. या सगळ्यांपैकी कुणी महापालिकेकडे शिक्षण कर बंद करा म्हणून अर्ज केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. जागा वाढवा, असे अर्ज मात्र नक्की गेले असतील.